माणूस शेवटी

कृतिका पिंपळशेंडेनं आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नव्हती, पण गोळी आधी कोणावर झाडायची हे ठरवण्यात तिचा हात धरेल असं देशात कोणी नव्हतं. पुण्यात बाणेरला मनन केळस्करच्या कंपनीत ती नोकरीला होती. कंपनीचा 'ताफा' नावाचा खेळ जगभर खेळला जाई. खेळ सरळ होता. आपल्या पसंतीची अवकाशयानं बांधायची, त्यांचा ताफा करायचा आणि दुसऱ्याच्या ताफ्यावर सोडायचा. एकदा लढाई जुंपली की खेळणाऱ्यानं नुसतं बघत बसायचं. कोणत्या तोफेनं कोणावर मारा करायचा हे तोफाच ठरवत, आणि त्यांनी ते कसं ठरवायचं हा नियम कृतिकाचा. ऑफिसात त्याला लक्ष्यक्रम म्हणत.

कामावर नव्यानं आलेल्यांना ती सुरुवातीलाच समजावून सांगे. "समजा, सगळ्यात मोठ्या यानावर आधी मारा करायचा असा नियम केला. काय होईल? मोठी यानं बांधायचं लोक सोडून देतील. जिकडेतिकडे चिलटांसारखी बारकी यानं. बरं, जवळच्यावर आधी मारा असं ठरवलं, तर पुढे जाड पत्र्याची रिकामी डबडी उभी करतील आणि खरी तोफयानं मागे दडवतील. सगळ्यात धोकादायक यानावर आधी, असं म्हणालात तर तोफा मालवाहू यानांच्या पोटात जातील. ताफा कसा दिसणार हे बांधणारा ठरवत नाही. समोरच्याची तोफ आधी कुठे बघते, त्यावर ते ठरतं."

हे खेळापुरतं होतं तोवर त्यात गंमत होती.

आकाशात खरे ताफे दिसायला लागले तेव्हा ती पस्तिशीत होती. पृथ्वीभोवती सौरपट्टे उभे राहिले होते. मैलोन्‌मैल पसरलेल्या आरशांवर ऊन गोळा करायचं आणि त्याची वीज लहरींच्या रूपात खाली पाठवायची, असा तो कारभार. पट्टे दोन बड्या संघांच्या मालकीचे होते. एक अंशुमान आणि दुसरा नॉर्दिया. चांगल्या कक्षा थोड्या, त्यामुळे भांडणं ठरलेली. दोघांनीही आपापल्या पट्ट्यांभोवती शस्त्रयानं ठेवली आणि त्या शस्त्रयानांत भरले छेदक.

छेदक म्हणजे बादलीएवढं यंत्र. त्यात स्फोटकं नसतात, लागतही नाहीत. कक्षेतली वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटर धावते. अशा दोन वस्तू समोरासमोर आल्या की बादलीसुद्धा जहाजाच्या ठिकऱ्या उडवते. कोणावर जाऊन आदळायचं हे ठरवायला पापणी लवण्याइतकाही वेळ नसतो, म्हणून तो निर्णय जमिनीवरच्या माणसाकडे ठेवता येत नाही, छेदकालाच घ्यावा लागतो. पोटात इंधन इतकं जेमतेम की एकदा एकाकडे वळला की दुसऱ्याकडे वळता येत नाही. साहजिकच रांगेत जो पहिला, तो जातो. शेवटच्यापर्यंत पोचायला छेदक उरतच नाहीत.

निदान या रांगेला तरी काही नीतिनियम असावेत म्हणून एक कक्षा आयोग नेमला गेला. दोन्ही संघांच्या प्रत्येक छेदकात एकच लक्ष्यक्रम मोहोरबंद करून बसवायचा, कोणालाही तो बदलता येणार नाही, असं ठरलं. तो लिहायचा कोणी? ज्यांनी खऱ्या लढाया केल्या होत्या त्यांना शंभर यानांच्या लढाईचा अनुभव नव्हता. कृतिकानं अशा लढाया लाखांनी पाहिल्या होत्या. आयोगाच्या अध्यक्षा डॉ. अलकनंदा बर्वे यांनी तिला बोलावून घेतलं.

कृतिका मांडणी करायला उभी राहिली. तिनं सांगितलं ते अगदी थोडक्यात. "माणूस शेवटी. ज्या यानात जिवंत माणूस आहे, ते रांगेच्या टोकाला."

"छेदकाला कळणार कसं?" एकानं विचारलं.

"श्वासावरून. माणूस ऊब टाकतो, हवा खराब करतो. ती हवा शुद्ध करणारं यंत्र आणि ऊब बाहेर फेकणारे पंखे त्याच्या तालावर चालतात. तो झोपला, जेवला, घाबरला की ताल बदलतो. अवरक्त कॅमेऱ्याला तो लांबून दिसतो. हीटर लावून नक्कल करून पाहिली आहे आम्ही. जमत नाही. यंत्र फार नेमकं चालतं, माणूस तसा चालत नाही."

"आणि समोर सगळीच माणसं असलेली यानं असतील तर?"

याचं उत्तरही तिनं आणलं होतं. "मग ज्यात सगळ्यात कमी माणसं असतील, त्यावर आधी. मारावंच लागलं तर कमीत कमी जीव जावेत."

सभागृहात टाळ्या पडल्या. इतका माणुसकीचा नियम शस्त्रांच्या इतिहासात कोणी केला नसेल, असं बर्वेबाई बोलून गेल्या. संध्याकाळी चंद्रपूरहून धाकट्या भावाचा, आतिशचा, फोन आला.

"ताई, टीव्हीवर दिसली तू! आई तं रडूनच राहिली. म्हणते, माह्या पोरीनं लोकायचा जीव वाचवला."

"तू काय करतोयस?"

"मी? मी काय करीन. पाहून राहिलो तुले."

आतिश कोळशाच्या खाणीत होता. वडीलही त्याच खाणीत होते. वरून वीज यायला लागली तसा कोळसा कोणाला नकोसा झाला आणि खाण बंद पडली. तेव्हापासून तो मिळेल ते काम करायचा, पण मनापासून असं काहीच नाही.

*

नियम खऱ्या छेदकांत बसण्याआधी तो खेळात घालून बघावा, ही कल्पना मननची. जाहिरातही होणार होती. महिना उलटला आणि कृतिका आपल्या टेबलावरून उठून मननच्या खोलीत गेली.

"हे बघ," ती म्हणाली.

पडद्यावर जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचा ताफा होता. त्यात एकही रिकामं यान नव्हतं. ज्या शस्त्रयानात आजवर फक्त छेदक असत, त्या प्रत्येकाच्या टोकाला कोंबडीच्या खुराड्याएवढी एक खोली चिकटवली होती आणि त्या खोलीत एक माणूस बसला होता. काही न करणारा. नुसता श्वास घेणारा.

"सगळेच असं करताहेत," कृतिका म्हणाली. "खेळात एक माणूस ठेवणं हा सगळ्यात स्वस्त चिलखताचा प्रकार झालाय. नाव पण पाडलंय त्याला. बुजगावणं."

मनन हसला. "भारी आहे. डोकं चालवतात पोरं."

"अजून पुढे बघ. सगळ्यांच्याच यानांत एकेक बुजगावणं आलं, मग कोणाचा फायदा? कोणाचाच नाही. म्हणून हा दोन ठेवतोय. हा पाच. कारण कमी माणसं असलेलं यान आधी जातं. हे थांबणार नाही, मनन."

"खेळ आहे, कृतिका."

"नियम खरा आहे."

तिनं बर्वेबाईंची वेळ मागितली. बाई भौतिकशास्त्रातल्या मोठ्या विदुषी, स्वभावानं प्रेमळ. त्यांनी तिला चहा दिला, पडद्यावरचे ताफे शांतपणे पाहिले.

"खेळात माणूस म्हणजे चित्र असतं गं," त्या म्हणाल्या. "त्याला आई नसते. खऱ्या माणसाला शस्त्रयानाच्या टोकावर बांधून ठेवायला कोणतं सरकार परवानगी देईल? आणि असल्या नोकरीवर चढेल कोण?"

"चढणारे मिळतील, बाई."

"तू फार काळ त्या खेळात घालवला आहेस. माणसांबद्दल तुझं मत वाईट झालंय." त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "सह्या झाल्या आहेत. आता एक शब्द बदलायचा म्हटला तरी दोन्ही संघ सगळंच मोडून टाकतील."

कृतिका गप्प बसली नाही. ती वर्तमानपत्रांशी बोलली, मुलाखती दिल्या. आयोगानं तिचे आभार मानून तिला सल्लागार मंडळातून मोकळं केलं. मननही म्हणाला, थोडे दिवस सुट्टी घे. नियम छेदकांत बसला.

चढणारे मिळाले.

*

अंशुमाननं त्या नोकरीला 'कक्षा-निवासी' असं नाव दिलं होतं. काम कसलंच नाही. वर जायचं, खोलीत राहायचं, प्रकृती सांभाळायची. जाहिरातीत एक हसरा तरुण खिडकीतून निळी पृथ्वी बघत होता. भरतीचे मांडव कुठे पडले? जिथे खाणी बंद झाल्या होत्या तिथे.

आतिशनं तिला सांगितलं तेव्हा त्याची निवड होऊन गेली होती. ती मिळेल त्या गाडीनं चंद्रपूरला पोचली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. कूलरसमोर आई भाजी निवडत बसली होती, आणि आतिश नव्या बुटांच्या नाड्या बांधून बघत होता.

"तुला कळतंय का ते तुला कशाला नेताहेत?"

"कळते ना. बुजगावणं म्हून." तो हसला. "इथं काय आहो मी? इथंबी बुजगावणंच आहो. चौकात उभा राह्यलो तं कावळेबी भीत नाही."

"आतिश, मस्करी नको."

"ताई, तूच तं म्हटलं टीव्हीवर. माणूस शेवटी. मंग भ्याचं काऊन? सगळ्या दुनियेत सगळ्यात सुरक्षित जागा तं तेच झाली."

"सगळ्यांनी माणसं ठेवली तर कोणीच शेवटी राहत नाही रे. रांग पुन्हा सुरू होते."

त्यानं नाडीची गाठ घट्ट ओढली. "तू पुण्याले गेली तवा तुले कोणी अडवलं काय? बाबानं खाणीत डबल पाळ्या केल्या तुह्या शिक्षणासाठी. मी काई म्हटलं नाही. आता मले पयल्यांदा कोणी बोलावून राहिलं, तं तू आडवी येऊन राहिली."

तिनं आईकडे बघितलं. आई भाजीतून मान वर न करता म्हणाली, "जाऊ दे त्याले. तुह्या नियमावर माहा भरोसा हाय."

तो गेला.

सुरुवातीला त्याचे फोन उत्साहाचे असत. कक्षा फार उंच नव्हती, आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा लगेच येई. एकदा त्यानं चंद्रपूर दाखवलं, नुसता एक तपकिरी डाग. हवेत तरंगत भात कसा खायचा ते दाखवलं. मग हळूहळू बोलण्यासारखं संपत गेलं. खोलीत हात पसरले की दोन्ही भिंतींना लागत. खिडकी होती, पण बाहेर बघून बघून किती बघणार. भिंतीपलीकडे छेदक रचून ठेवलेले होते. ते अधूनमधून आपोआप स्वतःची तपासणी करत, तेव्हा त्याला पलंगातून थरथर जाणवे.

"एक दोस्त भेटला," एकदा तो म्हणाला. "पलीकडचा. नॉर्दियाच्या जहाजावरचा."

"शत्रूच्या?"

"कसला शत्रू वं! झारखंडचा हाय. कोळसा खाणीतलाच. लखींदर नाव. संकटकाळी बोलायले एक लाईन ठेवली हाय, ते दोन्हीकडे ऐकू येते. आम्ही तिच्यावर बोलत बसतो. त्याचं जहाज माह्या जहाजासारखंच हाय. एकटाच हाय तोबी."

एकटाच, हा शब्द कृतिकाला टोचला. कारण मधल्या काळात खेळात जे झालं होतं ते आकाशातही होऊ लागलं होतं. नॉर्दियानं नवी शस्त्रयानं पाठवली, त्यांत तिघे-तिघे. अंशुमाननं पाच-पाच जणांची पाठवली. प्रत्येक बातमीबरोबर रांग सरकत होती, आणि ज्यांना कोणी हात लावला नव्हता ती जुनी, एकेकट्या माणसांची यानं आपोआप पुढे येत होती. अंशुमानच्या बाजूनं अशी मोजकीच उरली होती. त्यातलं एक आतिशचं.

परतीचं वाहन कधी येणार, असं तिनं अंशुमानच्या कार्यालयात विचारलं. बदली माणूस मिळाल्याशिवाय निवासी खाली आणता येत नाही, असं उत्तर मिळालं. यान रिकामं झालं तर ते रांगेत सगळ्यात पुढे जाईल, हे त्यांनी तिलाच समजावून सांगितलं.

मग आतिशचा फोन आला. आवाज वेगळा होता.

"ताई, कंपनीचा माणूस बोलला. म्हणे, तुह्या जहाजाले आणखी तीन खोल्या जोडून देतो. माणसं तू सांग. ओळखीचे असले की वर भांडणं होत नाही. मी आपल्या वस्तीतल्या मोरेश्वरले इचारलं. अन् खाणीतल्या दोघांले. ते तयार हायेत. तिघे आले की मी मागे सरकतो नं?"

कृतिकानं मनात रांग लावली. चार जण झाले की अंशुमानची बाकीची एकेकट्यांची यानं आतिशच्या पुढे येत होती, आणि नॉर्दियाचे छेदक त्यांच्यावरच संपणार होते. ती हिशेबात चुकत नसे.

"सरकतोस," ती म्हणाली.

*

मोरेश्वरची बायको वनिता चंद्रपूरच्या घरी आली तेव्हा कृतिका आईला डॉक्टरकडे न्यायला म्हणून तिथे होती. वनिता तिशीची असेल. ती शिलाईचं काम करायची, गळ्यात टेप तसाच होता. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"ताई, आमच्या यांचं वर जायचं चाललं हाय. तुमच्या आतिशजवळ. लोक काईबी सांगतात. टीव्हीवाले येगळं, कंपनीवाले येगळं. म्हटलं, ज्यायनं नियम केला त्यायलेच इचारावं. खरं सांगा. जाऊ देऊ काय?"

आतून आई ऐकत होती. कृतिकाला ते कळत होतं.

तिच्यापाशी दोन खरी उत्तरं होती. पहिलं असं, की नवऱ्याला पाठवू नको. हा सगळा प्रकारच माणसं चिलखत म्हणून वापरण्याचा आहे, आज चार पुरतात, उद्या पुरणार नाहीत. हेच ती वर्तमानपत्रांतून सगळ्या देशाला सांगत आली होती. दुसरं असं, की चार जणांचं यान आजच्या घडीला रांगेत बरंच मागे आहे. दोन्हींत खोटं काही नव्हतं. पहिलं दिलं तर आतिश एकटा राहणार होता.

"चार जण असले की यान मागे जातं," ती म्हणाली. "सध्या तरी धोका कमी आहे."

"म्हणजे जाऊ देऊ?"

"जाऊ द्या."

वनितानं सुटकेचा श्वास टाकला. आता तिनं पाणी मागितलं. कृतिका आत पाणी आणायला गेली तर आईनं पेला आधीच भरून ठेवला होता. आईनं तिच्याकडे न पाहता तो पुढे सरकवला.

तिघे गेले. आतिशच्या फोनमध्ये पुन्हा हसण्याचे आवाज ऐकू यायला लागले. मोरेश्वर पत्त्यांत लबाडी करतो म्हणून तक्रारी व्हायला लागल्या.

*

भांडण कशावरून पेटलं याची दोन्ही संघ पुढे वेगवेगळी कारणं देत राहिले. नॉर्दियाच्या एका आरशाची सावली अंशुमानच्या पट्ट्यावर पडली, एवढं खरं. एका दुपारी दोघांनीही छेदक सोडले. कृतिका ऑफिसात होती. सगळे पडद्यापुढे जमले. खेळातल्या लढाईला निदान आवाज असे. इथे बातमीदार बोलत होता आणि त्याच्यामागे काळ्या पटावर काही ठिपके होते. त्यातले काही ठिपके विझले. बस्, एवढंच.

नियम तंतोतंत पाळला गेला. एकाही छेदकानं चूक केली नाही. आधी रिकामी यानं गेली. मग एकेकट्या माणसांची, दोन्हीकडची, एकामागून एक. जास्त माणसांच्या यानांची पाळी येईतो छेदक संपले होते. आतिशच्या यानावर ओरखडाही उठला नाही.

मननचे डोळे भरून आले. "वाचला! कृतिका, तुझ्या नियमानं वाचला तो."

कृतिका पडद्यावरचे विझलेले ठिपके मोजत होती.

जगभर ओरड झाली. बर्वेबाईंनी राजीनामा दिला. कृतिकाला पाठवलेल्या निरोपात एवढंच होतं, की माणसांबद्दल तुझंच मत बरोबर निघालं. आयोगानं कृतिकाला पुन्हा बोलावलं आणि तिनं तिथे सांगितलं, की माणूस हा शब्दच लक्ष्यक्रमातून काढून टाका. माणूस असल्याचा फायदा मिळणार नसेल तर कोणी माणूस ठेवणार नाही. या वेळी ऐकलं गेलं. निवासी खाली आणायला सुरुवात झाली. पण आता ते कोणाच्या कामाचे नव्हते, त्यामुळे वाहनं निघायला फार उशीर होऊ लागला. खाली आलेल्यांची नावं वर्तमानपत्रांत मागच्या पानावर येत. लढाईत मेलेल्या एकेकट्यांच्या नावांनी जेमतेम दोन रकाने भरले होते, आणि ते एकदाच छापून आले.

आतिश आला तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं. वजनाशिवाय राहून हाडं पोकळ झाली होती. मोरेश्वरलाही काठी लागत होती, पण तो आला होता, आणि वस्तीला तेवढं पुरेसं होतं. समाजमंदिरात सत्कार ठेवला. वनितानं सगळ्यांसमोर कृतिकाची ओटी भरली.

"ताईनं खरं सांगितलं म्हून आमची माणसं घरी आली," ती माईकवर म्हणाली, आणि तिला हुंदका आला.

कृतिकानं पदर पसरून नारळ घेतला. दुसरं काय करणार होती? आतिश खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

तो तिच्याशी बोलायचा, पण कामापुरतं. पाणी दे, पंखा वाढव. कितीतरी दिवस तिनं वाट बघितली आणि शेवटी एका सकाळी त्याच्या पायांना तेल लावताना विचारलं.

"राग आलाय का माझा?"

"तुहा राग कायले?" तो भिंतीकडे बघत म्हणाला. "मोऱ्या अन् हे दोघं आल्यावर लखींदरनं मले इचारलं, 'तेरा जहाज पीछे कैसे गया भाई?' मी सांगलं, तीन जण आणले. तूबी आण. तो म्हणे, किसको लाऊँ? त्याच्या गावातले आधीच सगळे कुठं कुठं निंगून गेले व्हते. घरी एक बहीण. तो म्हणे, उसको थोडी बुलाऊँगा यहाँ. मंग तो रोज इचारे, आज कितने हो? मी म्हणो, चार. तो म्हणे, अच्छा है. त्या दिवशीबी इचारलं."

कृतिकानं तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"मी त्याले खोटं सांगू शकलो असतो," आतिश म्हणाला. "एकटाच आहो म्हून. त्यानं काई बदललं नसतं. पण त्याले बरं वाटलं असतं."

आतिशनं लखींदरच्या बहिणीचा शोध चालवला होता, हे तिला माहीत नव्हतं. कोणाकोणाला विचारत त्यानं नंबर मिळवला होता. त्याच आठवड्यात, आई चहा गाळत आणि कृतिका कप विसळत असताना, तिकडून फोन आला. पडद्यावर एक सावळी, सडपातळ बाई होती, केस घट्ट बांधलेले. मागे कुठल्याशा शाळेचं स्वयंपाकघर दिसत होतं, मोठी पातेली होती. आतिशनं तिला सगळं सांगितलं. तिचा भाऊ काय बोलायचा, कोणती गाणी म्हणायचा, कोणाची नक्कल करायचा. ती मधेच हसली, मधेच तोंडाला पदर लावला. मग तिनं हिंदीतूनच विचारलं, आणि ते विचारताना तिचा आवाज अगदी साधा होता. इतकी जहाजं होती. त्या लोकांची तिच्या भावाशी काय दुश्मनी होती? "पहले उसी को क्यों मारा?"

आतिशनं फोन कृतिकापुढे धरला.

"मले नाही जमत," तो म्हणाला. "तू सांग, ताई. तुले माहीत हाय."

कृतिकानं ओले हात साडीला पुसले आणि फोन घेतला. बाई थांबली होती. ही कोण, असा प्रश्न तिच्या डोळ्यांत होता, पण तिनं तो विचारला नाही. उत्तराचीच वाट बघत राहिली.

"वो अकेला था," कृतिका म्हणाली. "इसलिए."

बाईला ते समजलं नसावं. तिनं मान किंचित पुढे केली, भुवया जवळ आल्या.

"अकेला कहाँ था?" ती म्हणाली. "मैं थी ना."